दोन प्रोसेसरांचा मदरबोर्ड : निवडीचे काही निकष

१. प्रास्ताविक

भाषाविज्ञानाच्या विभागात संगणकाचे काम एके काळी प्रबंधाचे टंकलेखन आणि शब्दसूचीची अकारविल्हे मांडणी एवढ्यापुरतेच मर्यादित होते. आज ती स्थिती राहिलेली नाही. बोलीच्या ध्वनिमुद्रणांचा त्यांच्या लेखी प्रतीशी स्वनवार मेळ घालणे, मोठ्या लिखित संग्रहातील शब्दांची वारंवारिता काढणे, प्रयोगात मिळालेल्या हजारो प्रतिसादांची सांख्यिकीय छाननी करणे ही कामे आता नित्याची झाली असून ती रात्रभर, प्रसंगी आठवडाभर चालतात. अशा वेळी एकाऐवजी दोन प्रोसेसर असलेला संगणक घेतला तर काम निम्म्या वेळात उरकेल, हा विचार अभ्यासकाच्या मनात येणे साहजिक आहे. हा विचार सर्वस्वी चुकीचा नव्हे. परंतु तो कोणत्या अटींवर खरा ठरतो हे पाहिल्यावाचून खरेदी करणे मात्र चुकीचे होय.

या टिपणास एक प्रत्यक्ष कारण घडले. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाचा ज्या विभागाशी संबंध होता तेथे अनुदानाच्या रकमेतून दोन प्रोसेसर बसू शकतील असा एक मदरबोर्ड घेण्यात आला. रक्कम पुरेना म्हणून प्रोसेसर मात्र एकच घेतला. दुसरा पुढील वर्षी घ्यावा असे ठरले. यंत्र जुळविल्यावर असे दिसून आले की, स्मृतीच्या सोळा खाचांपैकी आठ खाचांत बसविलेल्या पट्ट्या यंत्रास दिसतच नाहीत. आणि ज्या खाचेत ग्राफिक्स कार्ड बसवावयाचे तीही निर्जीव आहे. विक्रेत्याने सदोष माल दिला असा आमचा प्रथम समज झाला. तो खोटा होता. फलक निर्दोष होता. माहितीपुस्तिका न वाचण्याचा दोष आमचा होता. पुढील वर्षी रक्कम मिळाली तोवर त्याच प्रकारचा प्रोसेसर नवा मिळेनासा झाला होता. या साऱ्या घोळात बोलीच्या ध्वनिमुद्रणांवर काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे संपूर्ण सत्र गेले, आणि अखेरीस तिने स्वनांच्या सीमा एकेक करून हाताने आखल्या.

म्हणून प्रस्तुत टिपणाचा हेतू मर्यादित ठेवला आहे. मदरबोर्डाची निवड प्रोसेसरांच्या संख्येवरून नव्हे, तर कामाच्या स्वरूपावरून आणि त्यास लागणाऱ्या स्मृतीवरून करावी, एवढेच येथे दाखवावयाचे आहे. परिभाषेविषयी एक खुलासा केला पाहिजे. 'प्रक्रियक', 'मातृफलक' असे प्रतिशब्द उपलब्ध असले तरी विक्रेत्याचे दरपत्रक वाचताना त्यांचा उपयोग होत नाही. यास्तव येथे प्रोसेसर, मदरबोर्ड, सॉकेट, कोअर हे व्यवहारातील शब्दच वापरले आहेत. 'फलक' हा शब्द मदरबोर्डासाठी आणि 'स्मृती' हा शब्द ज्यास बाजारात रॅम म्हणतात तिच्यासाठी योजिला आहे.

२. 'दोन' या शब्दाचे अर्थ

दरपत्रकातील 'दोन' हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींस लावला जातो, आणि बराचसा गोंधळ येथूनच सुरू होतो. फलकावर दोन सॉकेट असून त्यांत दोन स्वतंत्र प्रोसेसर बसविलेले असणे हा पहिला अर्थ. एकाच प्रोसेसरात दोन किंवा अधिक कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे गणन करणारे घटक, असणे हा दुसरा. आणि एकाच कोअरने एकाच वेळी दोन आज्ञाप्रवाह हाताळणे हा तिसरा. इंटेल कंपनीने २००२ मध्ये हायपर-थ्रेडिंग या नावाने ही तिसरी सोय बाजारात आणली. म्हणूनच चौदा कोअरांचे दोन प्रोसेसर असलेल्या यंत्राच्या वर्णनात '५६' हा आकडा दिसतो. तेथे कोअर अठ्ठावीसच असतात. उरलेली संख्या ही त्याच कोअरांची दुसऱ्यांदा केलेली मोजणी होय. तिच्यापासून थोडा लाभ होतो, परंतु दुप्पट खचित होत नाही.

समासाच्या दृष्टीने पाहिले तर 'द्विप्रोसेसर फलक' हा बहुव्रीही आहे. परंतु विग्रह 'ज्यावर दोन प्रोसेसर आहेत' असा करावा की 'ज्यावर दोन प्रोसेसर बसू शकतात' असा करावा, हे समास सांगत नाही. आमच्या विभागाने पहिला अर्थ गृहीत धरला आणि दुसऱ्याची किंमत मोजली.

इतिहासाकडे पाहिल्यास या वस्तूचे महत्त्व कसे बदलत गेले ते ध्यानात येते. २००५ पूर्वी वैयक्तिक संगणकावर दोन गणने खरोखर एकाच वेळी करावयाची तर दोन प्रोसेसर घेणे एवढाच मार्ग होता. १९९९ मध्ये अॅबिट कंपनीचा बीपी६ हा फलक आला. त्यावर इंटेलचे दोन स्वस्त सेलेरॉन प्रोसेसर बसत, आणि त्यामुळे एरवी सर्व्हरांपुरती असलेली ही सोय हौशी मंडळींच्या टेबलावर आली. मात्र विंडोज ९८ ही त्या काळी घरोघरी असलेली आज्ञाप्रणाली दुसऱ्या प्रोसेसरास ओळखतच नसे. त्याचा उपयोग विंडोज एनटी, विंडोज २००० किंवा लिनक्स वापरणाऱ्यासच होई. २००५ च्या मे महिन्यात इंटेल व एएमडी या दोन्ही कंपन्यांनी टेबलावरील संगणकासाठी दोन कोअरांचे प्रोसेसर विक्रीस आणले, आणि दोन सॉकेटांच्या फलकाचे मुख्य प्रयोजनच एका प्रोसेसराच्या पोटात गेले. अॅपलच्या मॅक प्रो या यंत्राचा इतिहासही हेच सांगतो. २००६ ते २०१२ पर्यंतच्या मॅक प्रोमध्ये दोन प्रोसेसर घेता येत. २०१३ च्या नव्या रचनेत एकच राहिला. तेव्हा आज दोन सॉकेटांचा फलक घ्यावयाचा तर 'अधिक कोअर हवेत' एवढे कारण पुरत नाही. त्याहून वेगळे कारण दाखविता आले पाहिजे.

३. कामाची विभाज्यता

पहिला निकष कामाच्या विभाज्यतेचा. जीन अॅम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडलेला विचार या बाबतीत आजही मार्गदर्शक आहे. कोणत्याही कामाचा काही भाग वाटून करता येतो आणि काही भाग क्रमानेच करावा लागतो. गणकांची संख्या कितीही वाढविली तरी क्रमाने करावयाचा भाग तेवढाच वेळ घेतो, आणि एकूण वेगाची मर्यादा तोच भाग ठरवितो.

उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कामाचा ९० टक्के भाग वाटून करण्याजोगा आहे. एका कोअरच्या तुलनेत सोळा कोअरांवर ते काम ६.४ पट वेगाने होईल. कोअर दुप्पट करून बत्तीस केले तर वेग ७.८ पट होईल. म्हणजे दुसऱ्या प्रोसेसराची पूर्ण किंमत देऊन लाभ सुमारे २२ टक्क्यांचा. विभाज्य भाग ५० टक्केच असेल तर सोळा कोअरांवर वेग १.८८ पट आणि बत्तीस कोअरांवर १.९४ पट होतो; हा लाभ नगण्य होय. उलट विभाज्य भाग ९९ टक्के असेल तर हेच आकडे अनुक्रमे १३.९ आणि २४.४ असे येतात. दुसरा प्रोसेसर येथे आपली किंमत खऱ्या अर्थाने वसूल करतो.

आता आपल्या विषयातील कामे या कसोटीस लावून पाहू. तयार ध्वनिप्रतिमानाच्या साहाय्याने मुद्रणांचा स्वनवार मेळ घालणे हे जवळजवळ पूर्ण विभाज्य काम आहे. एका मुद्रणाचे काम दुसऱ्यावर अवलंबून नसते, आणि मॉन्ट्रियल फोर्स्ड अलायनरसारखी साधने मुद्रणे अनेक प्रक्रियांत वाटून देतात. संग्रहातील धारिकांमधून शब्द मोजण्याचे कामही असेच. अखेरीस साऱ्या याद्या एकत्र करण्याचा टप्पा तेवढा क्रमिक असतो. याच्या उलट टोकास मिश्र-परिणाम प्रतिमानांचे काम येते. आर या भाषेतील एलएमई४ या संचाने एखादे मोठे प्रतिमान बसवावयास घेतले की ते काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते. बाकीचे कोअर, मग ते सत्तावीस असोत की त्रेसष्ट, स्वस्थ बसतात. तेथे कोअरांची संख्या नव्हे, तर एका कोअरचा वेग कामास येतो. मात्र तेच प्रतिमान शेकडो पुनर्नमुन्यांवर बसवावयाचे असेल तर काम पुन्हा विभाज्य होते. ध्वनिओळखीच्या अथवा भाषिक प्रतिमानांच्या प्रशिक्षणाचा प्रकार निराळाच आहे. तेथील मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर पडत असल्यामुळे दुसऱ्या प्रोसेसराची रक्कम त्या कार्डाकडे वळविणे श्रेयस्कर.

यावरून एक साधा नियम निघतो. खरेदीपूर्वी आपले नेहमीचे काम हाती असलेल्या यंत्रावर प्रथम एका, मग दोन, मग चार कोअरांवर चालवून लागलेला वेळ टिपावा. हा प्रयोग एका दुपारचा आहे. आणि अनुदानाच्या अर्जातील कोणत्याही विशेषणापेक्षा त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय असते.

४. स्मृती : किती आणि किती दूर

दुसरा निकष स्मृतीचा. माझ्या मते दोन सॉकेटांच्या फलकाचे खरे समर्थन, कोअरांपेक्षाही, येथेच सापडते.

प्रथम गरजेचा अंदाज करू. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रूपात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. रोमन अक्षर एकच घेते. 'विद्यार्थी' या शब्दात वाचकास तीन अक्षरे दिसतात, परंतु व्यंजने, मात्रा आणि हलन्तचिन्हे मोजली तर ती दहा होतात, आणि शब्द तीस बाइट व्यापतो. सरासरी सहा चिन्हांचा शब्द आणि त्यामागील एक रिकामी जागा धरली तर एका शब्दास १९ बाइट लागतात. १९६१ मधील लेखनावर आधारलेला ब्राउन संग्रह किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात १९७८ मधील भारतीय इंग्रजी लेखनावरून सिद्ध झालेला कोल्हापूर संग्रह हे प्रत्येकी दहा लक्ष शब्दांचे आहेत. तेवढा मराठी संग्रह केवळ १.९ कोटी बाइटांत मावेल; त्यास कोणताही संगणक पुरे. परंतु शंभर कोटी शब्दांचा मराठी संग्रह घेतला तर नुसता मजकूरच १,९०० कोटी बाइट, म्हणजे सुमारे १९ गिगाबाइट, होतो. त्यावरील अनुक्रमणिका, व्याकरणिक खुणा आणि मधली कोष्टके निराळी. शिवाय काम वाटले की स्मृतीची गरजही वाढते. अठ्ठावीस प्रक्रियांपैकी प्रत्येकीने ४ गिगाबाइटांचा शब्दकोश आपल्यापुरता स्वतंत्र उघडला तर ११२ गिगाबाइट त्यातच खर्ची पडतात. कोअर वाढविले आणि स्मृती तेवढीच ठेवली, तर कोअर वाढविल्याचा लाभ मिळत नाही.

आता रचनेकडे वळू. जुन्या इंटेल यंत्रांत दोन्ही प्रोसेसर एकाच सामायिक मार्गाने एकाच स्मृतीकडे जात, आणि तेथे त्यांची गर्दी होई. २००३ मध्ये एएमडीच्या ऑप्टेरॉनने स्मृतीचे नियंत्रण प्रोसेसराच्या आतच आणले. इंटेलच्या झिऑन मालिकेत २००९ मध्ये ५५०० श्रेणीबरोबर हीच व्यवस्था आली. तेव्हापासून दोन सॉकेटांच्या फलकावर प्रत्येक प्रोसेसरास त्याची स्वतःची स्मृती असते. दुसऱ्याच्या स्मृतीतील माहिती हवी असेल तर ती दोघांमधील जोडमार्गाने आणावी लागते, आणि त्यास साधारणतः दीडपट, काही यंत्रांत त्याहूनही अधिक, वेळ लागतो. शेजारच्या दालनातील ग्रंथ मागवावयास जसा अधिक वेळ लागतो, तसाच हा प्रकार होय. या विषमतेस 'नुमा' या संक्षेपाने ओळखतात.

आमच्या फलकावरील आठ खाचा निर्जीव का होत्या, हे आता वेगळे सांगावयास नको. त्या खाचांचे नियंत्रण करणारा प्रोसेसरच तेथे नव्हता.

दोन्ही प्रोसेसरांनी आपापल्या स्मृतीत काम केले तर मात्र ही रचना लाभदायक आहे. झिऑन ई५-२६०० मालिकेच्या २०१६ मधील चौथ्या आवृत्तीत प्रत्येक प्रोसेसरास स्मृतीचे चार मार्ग आहेत, आणि डीडीआर४-२४०० या पट्ट्यांवर त्यांची एकत्रित क्षमता सेकंदास ७६.८ गिगाबाइट होते; दोहोंची मिळून १५३.६. ही क्षमता हाती यावयाची तर दोन्ही बाजूंच्या प्रत्येक मार्गावर सारखी पट्टी असली पाहिजे. १२८ गिगाबाइट स्मृती हवी असेल तर सोळा गिगाबाइटांच्या आठ पट्ट्या दोन्हीकडे चार-चार वाटून लावाव्यात. बत्तीसच्या चार पट्ट्या एकाच बाजूस लावू नयेत.

५. फलकाची तपासणी

येथवरच्या विवेचनानंतरही दोन सॉकेट हवेतच असे ठरले तर प्रत्यक्ष फलकाकडे वळावे. पुढील बाबी माहितीपुस्तिकेत पाहूनच पैसे द्यावेत.

पहिली बाब प्रोसेसर व फलक यांच्या मेळाची. सॉकेट जुळले म्हणजे प्रोसेसर चालेलच असे नव्हे. झिऑन ई५ मधील १६०० मालिका एकट्यानेच चालते. दोघांनी मिळून चालावयाचे तर २६०० मालिकाच हवी. एएमडीच्या एपिक प्रोसेसरांत क्रमांकाच्या शेवटी 'पी' हे अक्षर असेल तर तो एकाच सॉकेटच्या फलकासाठी असतो. दोन्ही प्रोसेसर एकाच क्रमांकाचे असावेत. शक्यतो एकाच वेळी घ्यावेत. जुन्या बाजारात कंपनीने केवळ चाचणीसाठी दिलेले नमुना-प्रोसेसरही विकले जातात. ते स्वस्त असले तरी फलक त्यांस स्वीकारील याची शाश्वती नसते. फलकाची आवृत्तीही पाहावी लागते. सुपरमायक्रोचा एच११डीएसआय हा फलक पहिल्या पिढीच्या एपिकसाठी निघाला. २०१९ मधील ७००२ श्रेणीचे प्रोसेसर त्यावर बसवावयाचे तर फलकाची दुसरी आवृत्तीच लागते. नाव एकच असते. भेद कोपऱ्यात छापलेल्या आवृत्तिक्रमांकात असतो.

दुसरी बाब खाचांची. ग्राफिक्स कार्ड, वेगवान साठवणपट्टी इत्यादींच्या खाचाही स्मृतीप्रमाणेच एकेका प्रोसेसराशी जोडलेल्या असतात. कोणती कोणाची हे पुस्तिकेतील आकृतीत दिलेले असते. दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट मार्ग असेही नेहमी नसते. पहिल्या पिढीच्या एपिकमध्ये एका प्रोसेसरास १२८ मार्ग असत. दोन बसविले की प्रत्येकाचे ६४ मार्ग परस्परांतील जोडणीत जात आणि बाहेरच्या उपयोगास पुन्हा १२८ च उरत.

तिसरी बाब स्मृतीच्या प्रकाराची. या फलकांना बहुधा रजिस्टर्ड प्रकारच्या, चुका दुरुस्त करणाऱ्या पट्ट्या लागतात. घरगुती संगणकातील पट्ट्या तेथे उपयोगी पडत नाहीत, आणि दोन्ही प्रकार एकत्र चालत नाहीत. आठवडाभर चालणाऱ्या गणनेत एखादा अंक नकळत बदलू नये यासाठी ही चूकदुरुस्ती मोलाची आहे.

चौथी बाब आकाराची. नेहमीचा एटीएक्स फलक ३०५ बाय २४४ मिलिमीटरांचा असतो, तर दोन सॉकेटांचे बहुतेक फलक ३०५ बाय ३३० मिलिमीटरांचे असतात. पेटीच्या वर्णनात 'ई-एटीएक्स' लिहिलेले असले तरी ती पूर्ण रुंदीचा फलक घेईलच असे नाही. पुष्कळ उत्पादक त्याहून अरुंद फलकासही तेच नाव देतात. स्क्रूच्या छिद्रांच्या जागाही जुळवून पाहाव्यात, कारण सर्व्हरांच्या ईईबी या मापात त्या काही ठिकाणी वेगळ्या असतात.

पाचवी बाब वीज आणि उष्णता यांची. प्रत्येक प्रोसेसरास आठ टाचण्यांची स्वतंत्र वीजजोडणी लागते. तेव्हा वीजपुरवठा-संचात अशा दोन जोडण्या आहेत याची खात्री करावी. प्रत्येकी १२० वॉटचे दोन प्रोसेसर, त्यांत ३०० वॉटचे ग्राफिक्स कार्ड, स्मृती आणि तबकड्या मिळविल्या तर ६०० वॉटांच्या आसपास भार जातो. कार्यालयातील नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॉटांचाच असतो; वीज जाताच तोही सोडून देईल. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यात पंख्याखालच्या खोलीत असे यंत्र आठवडाभर पूर्ण भाराने चालविणे धोक्याचे आहे, हेही ध्यानात ठेवावे. शीतक घेताना सॉकेटाच्या चौकटीचे माप पाहावे. २०११ टाचण्यांच्या सॉकेटास चौरस आणि अरुंद अशा दोन चौकटी असून एकीचा शीतक दुसरीवर बसत नाही.

सहावी बाब ध्वनीची, आणि ती खास आपल्या विषयाची आहे. सर्व्हरासाठी केलेल्या बहुतेक फलकांवर ध्वनीची जोडणी नसते. ध्वनिविज्ञानाच्या अभ्यासकास बाहेरचे ध्वनिसाधन घ्यावे लागेल. शिवाय अशा काही फलकांवर मंदगती, शांत पंखे बसविले तर पंखा बंद पडला असे समजून फलक सर्व पंखे पूर्ण वेगाने फिरवू लागतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत असे यंत्र ठेवणे म्हणजे मुद्रणात त्याच्या घरघरीची कायमची भर घालणे होय. ते दुसऱ्या खोलीत ठेवावे.

६. आज्ञाप्रणाली

फलक उत्तम असूनही आज्ञाप्रणाली अयोग्य असेल तर दुसरा प्रोसेसर वाया जातो. विंडोज ९८ चा दाखला वर आलाच आहे. विंडोज १० व ११ यांच्या होम आवृत्त्या एकाच सॉकेटास मान्यता देतात. दोन सॉकेटांसाठी प्रो आवृत्ती लागते. जुन्या झिऑन ई५ च्या यंत्रांपुढे आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नियमित आधार २०२५ च्या ऑक्टोबरात संपला, आणि हे प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स घालणे हाच सरळ मार्ग होय. लिनक्समध्ये एखादी प्रक्रिया ठरावीक प्रोसेसर आणि त्याचीच स्मृती यांपुरती बांधून ठेवता येते. एक मोठे काम दोन्हीकडे पसरविण्याऐवजी दोन निम्मी कामे दोन प्रोसेसरांवर वेगवेगळी बांधली, तर जोडमार्गावरची ये-जा टळते आणि पुष्कळदा एकूण वेळही वाचतो. फलकाच्या बायोसमध्ये दोन्ही स्मृती सरमिसळ करून एकच असल्याचे भासविण्याचा एक पर्याय असतो. असे बांधीव काम करावयाचे असेल तर तो बंद ठेवावा.

७. दोन की एक?

आता मूळ प्रश्नाकडे परत येऊ. आजच्या बाजारात अभ्यासकापुढे स्थूलमानाने तीन मार्ग आहेत.

एक, नव्या पिढीचा साधा प्रोसेसर आणि एका सॉकेटाचा फलक. २०२२ मध्ये आलेल्या एएमडी रायझेन ९ ७९५०एक्समध्ये सोळा कोअर असून त्याचा कमाल वेग ५.७ गिगाहर्ट्झ आहे. झिऑन ई५-२६८० च्या चौथ्या आवृत्तीचा कमाल वेग ३.३ आहे. स्मृतीचे मार्ग दोनच, परंतु डीडीआर५-५२०० पट्ट्यांवर त्यांची क्षमता ८३.२ गिगाबाइट, म्हणजे त्या एका झिऑनच्या चार मार्गांहून थोडी अधिकच, भरते. मर्यादा एवढीच की अशा फलकावर स्मृतीच्या खाचा सामान्यतः चारच असतात. बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी, आणि सांख्यिकीय काम करणाऱ्या प्रत्येकासाठी, हाच मार्ग योग्य आहे.

दोन, एका सॉकेटाचाच पण थोर क्षमतेचा फलक. २०२३ मधील थ्रेडरिपर प्रो ७९९५डब्ल्यूएक्समध्ये ९६ कोअर आणि स्मृतीचे आठ मार्ग आहेत. दोन प्रोसेसरांनी जे साधावयाचे ते येथे एकाच सॉकेटात साधते; किंमत मात्र विभागाच्या नव्हे, विद्यापीठाच्या पातळीवरची असते. एक सॉकेट म्हणजे स्मृतीचा एकच प्रदेश, असा समज मात्र करून घेऊ नये. २०१७ च्या पहिल्या एपिकमध्ये एकाच आवरणाखाली चार तुकडे असून प्रत्येकाकडे आपापली स्मृती होती; ही विषमता २०१९ च्या रचनेत पुष्कळ कमी झाली.

तीन, दोन सॉकेटांचा फलक. माझ्या मते तो दोनच परिस्थितींत समर्थनीय ठरतो. काम जवळजवळ पूर्ण विभाज्य असून स्मृतीची गरज चार खाचांत मावण्यापलीकडची असणे ही पहिली. निवृत्त सर्व्हरांतून निघालेले प्रोसेसर आणि रजिस्टर्ड पट्ट्या अल्प किमतीत मिळत असून, त्यांच्या विजेचा आणि थंडाव्याचा खर्च विभाग सोसू शकत असणे ही दुसरी. या दुसऱ्या परिस्थितीतही फलक, दोन्ही प्रोसेसर आणि दोन्ही बाजूंची स्मृती एकदमच घ्यावी. 'आज एक, पुढे दुसरा' ही योजना कागदावर काटकसरीची दिसते. प्रत्यक्षात मोठा फलक, मोठी पेटी आणि मोठा वीजसंच यांची पूर्ण किंमत देऊन पदरात अर्धे यंत्र पडते.

८. समारोप

वरील विवेचनाचे सार थोडक्यात असे : प्रथम आपल्या कामाचा विभाज्य भाग मोजावा, नंतर लागणाऱ्या स्मृतीचा हिशेब करावा, त्यावरून सॉकेटांची संख्या ठरवावी, आणि फलकाचे नाव सर्वांत शेवटी पाहावे. आमच्या विभागाने हा क्रम नेमका उलटा केला. वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीचे काम पूर्णतः विभाज्य होते आणि त्यास स्मृतीही फारशी लागत नव्हती. त्याच रकमेत मिळणाऱ्या एका प्रोसेसराच्या नव्या यंत्रावर ते काही दिवसांत उरकले असते. दोन सॉकेटांचा तो फलक विभागात अजून आहे. पुढे जुन्या बाजारातून जोडीचा प्रोसेसर मिळाला, आठही खाचा जिवंत झाल्या, आणि आज त्यावर रात्रंदिवस मुद्रणांचे काम चालते. परंतु यंत्र सुधारले म्हणून गेलेले सत्र परत येत नाही. खरेदीच्या अर्जावर सही करण्यापूर्वी फलकाच्या माहितीपुस्तिकेतील जोडण्यांची आकृती विभागातील एका तरी व्यक्तीने नीट वाचावी, एवढी विनंती करून हे टिपण पुरे करतो.